वास नसलेली पोल्ट्री

नणंदेच्या पोल्ट्रीत शिरताना सवयीने नाकाला पदर लावला आणि लक्षात आलं, आज वासच नाही. एरवी डोळे चुरचुरायचे. आज खाली अंथरलेलं भाताचं तूसही कोरडं होतं आणि पांढऱ्या कोंबड्या निवांत खाद्य टिपत होत्या.

"खाद्यातली सोयापेंड कमी केली, वहिनी," वन्सं म्हणाल्या. "त्याऐवजी ही अमिनो आम्लांची पावडर. अंगी न लागलेलं प्रथिन विष्ठेतून जायचं, त्याचाच तो वास." चिमूटभर पूड त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली.

कळलं सगळं, पण पटेना. रोज कुरकुरणारा शेजारी एकदम गोड बोलू लागला, की आपण खूश होत नाही, दाराची कडी तपासतो. इतकी वर्षं मी त्या घाणीला नावं ठेवली, पण तिच्यात लपवाछपवी तरी नव्हती.

निघताना वन्संनी एक कोंबडी साफ करून डब्यात दिली. घरी धुताना मी ती हुंगून पाहिली. पुन्हा हुंगली. वास आला असता तर सरळ टाकून दिली असती.

संध्याकाळी वन्संचा फोन आला. "कशी झाली कोंबडी?"

"छान झाली," मी म्हणाले. गॅस अजून पेटवलाच नव्हता.