धोंडिबाच्या नावाची जागा

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायको गेली — तिलाही नाही. मठात स्वामींच्या पुढ्यात बसतो, जिभेच्या टोकावर येतं, आणि मी पावसापाण्याचं बोलून उठतो. आता तुम्ही ऐका. मधे थांबलो तर थांबू द्या, मला सरळ सांगता येत नाही.

मी बसवंत. उदगीरचा बँडमास्तर. घरात अडतीचं दुकान, कपाळाला भस्म, आणि थोरला पोरगा लोकांच्या वरातीत तोंड फुगवून ट्रंपेट वाजवतो म्हणून आप्पा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. पण मी हट्टी. इंग्रजी बाजाच्या जोडीला हलगी उभी केली, बेंजो घेतला, वर स्वतः गायला लागलो. आधी लोक हसले — वाण्याच्या पोरानं खिचडी केली म्हणे! मग त्याच खिचडीवर नाचले. देवणीपासून देगलूरपर्यंत लोक आधी मला विचारायचे आणि मग लग्नाची तारीख धरायचे. आता डीजे आले, बँड बसला. तरी परवा लातुरात शाल-नारळ देऊन सत्कार केला माझा. गीतकार बसवंत मास्तर!

बघा, सांगायचं एक आणि छाती फुगवून सांगतोय भलतंच. खोडच आहे माझी.

धोंडिबाचं सांगायचं होतं. धोंडिबा जळकोटचा, माझ्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. आमच्या दुकानाची पायरी तो कधी चढला नाही, आणि मीही कधी वर ये म्हणालो नाही — हेही त्यातच आलं. पण वाजवायला लागला की नवरीकडच्या बाया पदर डोळ्याला लावायच्या. त्याची पोरगी सुमन पाळण्यात होती तेव्हाच ह्या वेड्यानं तिच्या पाठवणीचं गाणं करून ठेवलं. आम्ही किती चेष्टा केली! अरे, आधी तिला चालायला तर येऊ दे!

ते गाणं असं होतं —

*उंबऱ्याच्या भाईर पाय टाकताना मागं बघू नको गं बाई,*
*तू बघितल्यावर तुझ्या बापाला लपायला जागा न्हाई.*

शेवटच्या ओळीत छाप होती. आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेल — गाणं करणारा शेवटी आपलं नाव घालतो. कागद नसतो, सही नसते. छाप हीच सही. *धोंडिबा म्हणे, जा माझे आई, मागचं दार मी लावून घेई.* ती छाप बदलणं म्हणजे — काय म्हणू? माणसाच्या लेकराला आपलं नाव लावणं.

मी बदलली.

नांदेडला आमची पहिली कॅसेट भरली तेव्हा. मी गात होतो, धोंडिबा बाजूला उभा. शेवटची ओळ आली आणि माझ्या तोंडून निघालं — *बसवंत म्हणे.* चुकून? नाही हो. आदल्या दिवशी घरी गुणगुणून बघितलं होतं. मात्रासुद्धा हलली नाही, इतकं सोपं होतं ते. क्लॅरिनेट अर्धा श्वास अडखळलं, मग वाजलं. माझी नजर समोरच्या भिंतीवर.

परत येताना एसटीत त्यानं नेहमीसारखी अर्धी भाकरी माझ्यापुढं धरली. म्हणाला, "गाणं चांगलं बसलं, मास्तर." बस्स, एवढंच. मी भाकरी खाल्ली. भांडला असता तर मीही भांडलो असतो, मोकळा झालो असतो. तो भांडलाच नाही. त्याचा मला राग आला, खोटं कशाला सांगू?

कॅसेट गावोगाव वाजली. त्या एका गाण्यावर माझं नाव झालं. पुढं डझनभर गाणी मी खरोखरच केली. एक तरी कुणाला आठवतं का? विचारून बघा.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ — नाही, तेही काही कमी नव्हतं. पण याच्या पुढचं वाईट आहे.

सुमनचं लग्न ठरलं. बँडवाल्याच्या पोरीच्या लग्नात अख्खा बँड आपणहून वाजवतो, तसे आम्ही जळकोटला गेलो. हळदीच्या दिवशी धोंडिबानं मला मांडवाच्या कडेला घेतलं. इतक्या वर्षांत त्यानं मागितलेली ही एकच गोष्ट. "मास्तर, उद्या पाठवणीला तेवढं माझं नाव घ्या. एकदाच. पोरीच्या कानावर पडू द्या." मी त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, "येडा हायस का, हे काय सांगायला पाहिजे?"

दुसऱ्या दिवशी पाठवणी. बापानं वाजवायचं नसतं, पण पोरगी निघताना धोंडिबानं फेटा सावरला, क्लॅरिनेट घेतलं आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मी गायला लागलो. बघतो तर वऱ्हाडातल्या बाया माझ्याबरोबर म्हणताहेत, सगळ्यांना पाठ. मनात आलं, आता धोंडिबा म्हटलं तर ह्या थबकतील. विचारतील — मग इतकी वर्षं? एवढंच आलं मनात. सुमन मनात आलीच नाही. तिचा बापही नाही.

*बसवंत म्हणे.*

ह्या खेपेला क्लॅरिनेट वाजलंच नाही. हलगीवाल्यानं जागा भरून काढली. सुमन रडत आली, बापाच्या आधी माझ्या पाया पडली. "काका, काय गाणं केलंय हो तुम्ही!" धोंडिबा तिथंच उभा होता, हातभर अंतरावर. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हा हात — ह्याच हातानं.

त्यानंतर धोंडिबा बँडमध्ये आला नाही. दात गेले, फुंक धरत नाही, असा निरोप आला. मी बघायला गेलो का? उदगीरहून जळकोट किती लांब आहे? नाही गेलो.

यंदा तो वारला. दहाव्याला गेलो. सुमनचे केस पांढरे झालेत आता. घाटावरचे विधी उरकल्यावर तिनं मला सतरंजीवर बसवलं आणि म्हणाली, "काका, बाबासाठी ते गाणं म्हणा." मला वाटलं, झालं. आज देवानं जागा दिली. आज छाप त्याची घ्यायची आणि सगळं सांगून टाकायचं.

म्हटलं गाणं. शेवटच्या ओळीआधी श्वास भरायला थांबलो. तेव्हा सुमननंच ओळ उचलली. डोळे मिटून, बापाच्या गळ्यानं — *बसवंत म्हणे, जा माझे आई.*

त्यानं तिला सांगितलंच नव्हतं. मरेपर्यंत नाही.

मग डोळे पुसत ती भोवतीच्या बायांना म्हणाली, "आमच्या बाबाला गाणं करता येत न्हवतं, नुसतं वाजवायचे. पण काकाचं हे गाणं लई जीव लावून वाजवायचे. हाय ना, काका?"

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या.

मी हो म्हणालो.