सोनूबाईच्या ओवशाचं सूप

बांगड्याचे कल्ले उघडून पाहिल्याशिवाय सोनूबाईने कधी मासळी घेतली नाही, आणि देवळातला प्रसादसुद्धा हुंगल्याशिवाय तोंडात टाकला नाही. संशय तिच्या रक्तातच होता. मुंबईच्या डॉक्टरांनी तिच्या छातीतली कॅन्सरची गाठ काढली, तेव्हाही "नक्की तीच काढली ना?" असं विचारून विचारून तिने नवऱ्याला, रावजीला, भंडावून सोडलं.

गावी आल्यावर टाके तुटतील म्हणून तिने उजवा हात पोटाशी धरला तो धरलाच. खांदा इतका आखडला की अंबाडा घालायलाही दुसरं कुणी लागायचं. त्यात गौरी तोंडावर आलेल्या. त्यांच्या घरात गौरीपुढे ओवशाचं, म्हणजे फळं-भाज्यांच्या वाणाचं, सूप दोन्ही हातांनी कपाळापर्यंत उचलायचं, आणि पहिला मान थोरल्या सुनेचा, म्हणजे सोनूबाईचा. तिला नाही जमलं तर धाकट्या जावेचा, गोदाचा.

आणि गोदा तर रोज तिच्या हाताकडे टक लावून बघायची. "वैनी, आज हात कवडा वर जातो गो?"

सोनूबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. टपून बसलीय मेली माझ्या सुपावर!

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तिला मांडवीला उमाताईंकडे धाडलं. उमाताई मुंबईहून व्यायामाचं शिक्षण घेऊन आलेल्या. कॅन्सरच्या बायकांना घरच्या पडवीत व्यायाम शिकवायच्या, तोही फुकट. फुकट म्हटल्यावर सोनूबाईचे कान टवकारले.

"ह्यात तुमचा काय फायदा?" तिने तोंडावर विचारलं.

"तुमचा हात वर गेला की मला बरं वाटतं," उमाताई हसून म्हणाल्या.

हे काही तिला पटलं नाही. कॉलेजात शिकलेलं ही बाई आपल्यावर गिरवून घेतेय, असंच तिने धरलं. पण तिथेच येणाऱ्या, तसंच ऑपरेशन झालेल्या गंगुबाईने तिच्यादेखत दोन्ही हात मागे नेऊन केसांत अबोलीचा वळेसर माळला, आणि सोनूबाई बघतच राहिली.

घरी ती गोठ्याच्या भिंतीला बोटं टेकवून मुंगीच्या चालीने वर वर न्यायची. डोळ्यांतून पाणी यायचं. एकदा मागे वळून पाहते तर दारात गोदा, त्या हाताकडेच बघत. हिची दृष्ट लागली तर केलेलं सगळं पाण्यात! सोनूबाईने लगेच स्वतःवरून मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या.

गौरीच्या दिवशी तिने सूप उचललं. उजवा हात लटलटला, सुपातली काकडी घरंगळली, पण सूप कपाळाला लागलं. बघितलंस? अशा नजरेने तिने गोदाकडे पाहिलं. गोदा घळाघळा रडत होती.

आरतीनंतर गोदाने तिला मागल्या दारी ओढत नेलं आणि तिचा हात आपल्या काखेपाशी दाबून धरला. सोनूबाईच्या बोटांना गाठ लागली. तिच्या ओळखीची, तशीच टणक.

"आखाडापासून हाय," गोदा पुटपुटली. "कुणाला बोलले नाय. कापल्यावर हात मरतोच, असा वाटला मला. रोज तुजाच हात बघत व्हते, वैनी. आज सूप उचललंस, म्हणून सांगतंय."

त्या मीठमोहऱ्या आठवून सोनूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उद्याच्या पहिल्या गाडीने डॉक्टरकडं जायचं," ती दरडावून म्हणाली. "मी येतंय संगती." आणि दुखऱ्या हाताने तिने गोदाचे डोळे पुसले.