देवघरातला तराजू
फटाके वाजले की त्या वासासरशी मला सोनाराचा तराजू आठवतो. रानडुकरांपासून ज्वारी राखायला वडिलांकडं परवान्याची बंदूक होती आणि तिची काडतुसं ते घरीच भरायचे. काडतुसात बंदुकीची दारू मापानं भरावी की जोखून, या विचारात भैंसा गावच्या बाजारात त्यांनी अर्धा दिवस घालवला आणि शेवटी हा तराजू आणला. पण जरा वारा आला की पारडी हलायची. वारा न लागणारी जागा घरात एकच होती, देवघर. त्यांनी तराजूचं टेबल तिथं कोपऱ्यात नेऊन मांडलं. आईनं समई विझवली. "काऊन?" वडिलांनी विचारलं. "तुमी इथं दारू जोखून राह्यले, अन मी वात लावू?" त्या साली ज्वारी वाचली, पण आमचे देव अंधारातच राहिले. आता माझ्या घरी ना बंदूक ना टेबल, तरी समईसाठी काडी ओढण्याआधी मी देवघराचा कोपरा बघून घेते.