लिन बाईंचं कुंकवातलं नाव

लिन बाई गेल्या. आणि माझ्या नऊ वर्षांच्या पोरीला वाटतंय, तिच्यामुळे गेल्या.

लिन बाई म्हणजे ईराच्या चायनीज शाळेतल्या लाओशी. लाओशी म्हणजे आपल्या बाई. अर्धा दिवस इंग्लिश, अर्धा दिवस मँडरिन.

ॲडमिशन घेतली तेव्हा पुण्याहून इथे आखातात मेहुण्याचा फोन. "दाजी, आता वरण-भात बंद? चॉपस्टिक पाठवू?"

हसू दे. एसी दुरुस्त करता करता स्वतःची कंपनी काढली. पार्ट चीनचे, आणि त्या लोकांशी इतकी वर्षं मी कॅल्क्युलेटर दाखवून बोललोय. म्हटलं, पोरगी तरी तोंडाने बोलेल.

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण कॉम्प्रेसरच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा कान आहे. मँडरिनमध्ये सुरावर अर्थ बदलतो, आणि ईराचा सूर चुकला की मला बरोबर कळायचं. लिन बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "ईरा बाबा, यू सिट इन क्लास. ईरा कॅन फिक्स एसी."

त्यांच्यातही बाबा म्हणजे बाबाच.

थंडीतल्या धुक्यात घरून, डिस्कव्हरी गार्डन्सहून, शाळेत पोचायचो, तर बाई अंगणात. लांब दांड्याचा ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढत.

मागे मुलांची रांग.

पाचवं अक्षर उमटेपर्यंत ऊन यायचं आणि पहिलं उडून जायचं. साइटवरून फोन वाजत असायचा, मी गाडीच्या काचेतून बघत बसायचो.

एकदा विचारलं, "मॅडम, सगळं सुकतं. मग फायदा काय?"

"हँड रिमेंबर्स, ईरा बाबा. फ्लोअर नो नीड."

दिवाळीला ईराने त्यांच्यासाठी कार्ड केलं. बायको म्हणाली, "बाईंचं नाव कुंकवाने लिही गं, शुभ असतं." पोरीने कुंकू कालवून, जीभ बाहेर काढून, चायनीजमध्ये नाव काढलं.

शेजारच्या वर्गातल्या टीचर दचकल्या. जिवंत माणसाचं नाव लाल रंगात लिहायचं नाही, त्यांच्यात ते मरणाचं समजतात.

लिन बाईंनी कुंकवाचा वास घेतला. "इंडियन रेड, डिफरंट रेड." आणि कार्ड वर्गाच्या दारावर लावलं.

काल शाळेचा मेसेज आला.

ईराने तो दोनदा वाचला. मग म्हणाली, "बाबा, वॉज इट द रेड?"

"नाही गं राणी."

"हाऊ डू यू नो?"

म्हटलं, उद्या शाळेत जाऊन विचारू.

आज सकाळी शाळेत गेलो. दारावर कार्ड नव्हतं. ईराने माझा हात घट्ट धरला.

त्याच शेजारच्या टीचर आल्या, तिच्यासमोर खाली बसल्या. "लिन लाओशी वॉज सिक बिफोर यू केम टू धिस स्कूल. युअर कार्ड, शी टुक टू हॉस्पिटल. एव्हरी नर्स, शी शोड. माय स्टुडंट, शी सेड."

ईराचा हात सैल झाला.

टेबलावर शोकवही होती, शेजारी पेनं. तिने एकालाही हात लावला नाही.

कोपऱ्यातला ब्रश घेतला. बादलीत बुडवला. अंगणात जाऊन बाईंचं नाव लिहिलं, एवढं मोठं.

आम्ही दोघं बघत उभे राहिलो. कडेकडेने ऊन आत शिरत गेलं. मग शोकवहीत मी लिहिलं:

लिन बाई, सावकाश जा. फरशी सुकली.

हाताच्या लक्षात आहे.

ईरा आणि ईरा बाबा