भाच्याच्या हातची चावी

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. शाळेची पोरं घेऊन माझी व्हॅन रोज फुलसावंगीहून महागावला जाते, आणि माझे कान पोरांच्या गलक्याकडे कमी, इंजिनाकडे जास्त असतात. मागून ट्रक येतोय आणि गाडी जागच्या जागी बंद पडली तर? हा एक प्रश्न मला बारा महिने पुरतो. बायको म्हणते, भीतीला जेवायचं आमंत्रण द्यावं लागत नाही, ती आपल्या घरी मुक्कामालाच असते.

दिवाळीच्या सुट्टीत इंजिन खोलावंच लागलं. मामाचं गॅरेज महागावातच आहे. मामाने नव्या रिंगा टाकल्या, आणि कॅमशाफ्ट घासला होता म्हणून दुसरा आणला. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या डोक्यातला दांडा; तो फिरला की त्याच्यावरचे उंचवटे व्हॉल्व्ह खाली दाबतात. हा दुसरा दांडा त्याच कंपनीच्या, पण नंतरच्या मॉडेलच्या भंगार गाडीतून काढलेला होता. लांबी तीच, बसायची जागाही तीच.

मी दोन्ही दांडे शेजारी ठेवून पाहिले. नव्याचे उंचवटे मला जरा जास्तच फुगीर वाटले. उंचवटा जास्त म्हणजे व्हॉल्व्ह जास्त खाली, आणि तो वर येणाऱ्या पिस्टनला लागला की चालत्या गाडीत इंजिनाचं वाटोळं. मी मामाला तसं बोलून दाखवलं.

मामा हसला. "जुना घासला बाप्पा, म्हणून तुले तो लहान दिसून राह्यला. असाच एक पोराच्या गाडीत टाकला मी परवा. पळते ना?"

ते खरंच होतं. मामाचा पोरगा सकाळीच प्रवासी भरून यवतमाळला निघाला होता. आणि घासलेली वस्तू लहान दिसणारच. मामाने हेड, म्हणजे इंजिनाचं डोकं, बसवलं, बोल्ट आवळले, इंजिनाला हळदीकुंकू लावलं आणि नारळ फोडला. पण भीती काही गेली नाही.

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा म्हणजे देवाच्या जागी, मग तो माझ्यासारखा घाबरट का असेना. त्यामुळे मामाच्या गॅरेजात बांधलेल्या प्रत्येक इंजिनाची पहिली चावी माझ्या हातची. एरवी मी मिरवून घेतो. त्या दिवशी चावी हातात आली आणि मला मागच्या रिकाम्या सीटवर पोरांची दप्तरं दिसायला लागली.

"मामा, मी नाही फिरवत चावी," मी म्हणालो.

मामाचा चेहरा पडला. नारळ फुटल्यावर इंजिन पुन्हा खोलणं अपशकुनाचं, आणि भाच्याने नाही म्हटल्यावर दुसऱ्याने चावी फिरवणं त्याहून वाईट. शेवटी त्यातल्या त्यात कमी वाईट ते निवडून त्याने पाना उचलला. मग बोल्ट सैल करू लागला, आणि मामीला कणकेचा गोळा आणायला सांगितलं. ही युक्ती त्याचीच. पूर्वी तो प्रत्येक इंजिनाला करायचा. पुढे हात बसला आणि कंटाळा आला.

मामाने पिस्टनवर कणीक थापली, हेड पुन्हा बसवलं, बेल्ट चढवला आणि पान्याने इंजिन हळूहळू फिरवलं. मग हेड उचललं. कणकेत व्हॉल्व्हचा गोल ठसा उमटला होता. ठशाच्या तळाशी कणीक इतकी पातळ झाली होती की खालचं पिस्टन चमकत होतं; दोघांत केसाएवढीच फट उरत होती.

हळू चालवली तर चालेल, मामा म्हणाला, पण जोरात पळवली की व्हॉल्व्ह वेळेवर मागे सरणार नाही, पिस्टनवर आदळेल. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. आम्हा दोघांनाही एकच गाडी आठवली होती, पोराची.

मामाच्या तेलकट बोटांना फोन लागेना, म्हणून मी लावून दिला आणि स्पीकर चालू केला. पहिल्यांदा नुसतीच घंटी वाजत राहिली. दुसऱ्यांदा पोराने उचलला. परतीचे प्रवासी घेऊन तो आर्णीपर्यंत आला होता. रस्ता मोकळा आहे, म्हणाला, गाडी एकदम मस्त पळून राह्यली.

"बाजूले घे," मामा म्हणाला. "बंद कर."

"काहून? लोकं बसले आहेत ना गाडीत."

"म्हणूनच सांगतो. हळू घे, आन् बंद कर."

फोनमधून इंजिनाचा आवाज येत राहिला. आयुष्यभर मी इंजिन बंद पडू नये म्हणून कान लावून बसलो. त्या दिवशी ते बंद व्हावं म्हणून बसलो. आवाज खाली आला, थोडा घुटमळला, आणि थांबला. प्रवाशांची कुरकुर ऐकू आली. इतकं गोड काही मी ऐकलं नव्हतं.

मामा उठला आणि माझ्या पाया पडला. दरवेळी मी लाजून पाय मागे घेतो. त्या दिवशी ते मागे आलेच नाहीत, इतके थरथरत होते.