आपा, या उन्हाळ्यात तुम्ही हे वाचा

सईदाआपा. माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आधी हे नाव घेतो आणि मग आईवडिलांचं. आईला ते ठाऊक आहे, तिची काही तक्रार नाही. वाटूर फाट्याजवळच्या आमच्या गावात ग्रामपंचायतीला लागून एका खोलीचं वाचनालय आहे. आपा तिथं ग्रंथपाल होत्या, आणि त्याच खोलीत खिडकीशी मशीन ठेवून बायकांचे ब्लाउज, पोरांचे गणवेश शिवायच्या. पाच आठवड्यांपूर्वी जालन्यात दहावीच्या पेपरला पर्यवेक्षकाचं माझं काम संपवून मी फोन सुरू केला, तर त्यांच्या सुनेचे, रुखसानाभाभीचे, चार मिस्ड कॉल. भाभी एवढंच म्हणाली, "दत्ता, आपा गेल्या रे सकाळी." मी शाळेच्या व्हरांड्यात उभा होतो... आणि मनात पहिला विचार आला तो असा, की एप्रिल तोंडावर आलाय, आता पोरांच्या याद्या कोण करणार?

या पुरवणीनं मला 'उन्हाळी सुट्टीत काय वाचावं' यावर लिहायला सांगितलं होतं. मी आपांवर लिहितोय, पण विषय सोडलेला नाही. कारण उन्हाळ्यात काय वाचावं हे आमच्या गावाला आपांनीच शिकवलं. वार्षिक परीक्षा संपली की आम्ही पोरं रांग लावायचो. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूच्या पट्ट्या कापून आपा प्रत्येकाला चार पुस्तकांची यादी लिहून द्यायच्या, पण सरसकट नाही. आधी माप घ्यायच्या. म्हणजे खरोखरच, गळ्यात टेप, नाकावर चष्मा, आणि प्रश्न! "मागल्या आठवड्यात राग कशाचा आल्ता? भीती कशाची वाटती? घरात कोणाशी पटत न्हाई?" कुणी लाजला की म्हणायच्या, "माप घेतल्याबिगर मी कपडा शिवत न्हाई, पुस्तक कशी देऊ? बोल जल्दी, मागं लाइन हाय." चारातली तीन पुस्तकं आपल्या मापाची निघायची. चौथं मुद्दाम न जुळणारं. "हे भांडायला," असं त्या म्हणायच्या. आणि पुस्तक परत करताना एक नियम होता: ते पुढं कुणी वाचावं त्याचं नाव सांगायचं आणि का ते सांगायचं. त्याशिवाय पुस्तक जमा नाही. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या गावात पुस्तकं अशी या घरातून त्या घरात पळायची... आज आठवलं तरी अंगात उत्साह येतो!

मी आठवीत असतानाची गोष्ट. 'भीती कशाची' म्हटल्यावर मी विहिरीची म्हणालो होतो, म्हणून आपांनी मला पाणबुड्यांची एक कादंबरी दिली. समुद्राच्या तळाशी मोती शोधणारी माणसं, एकाच श्वासात खाली जाणारी. मी झपाटल्यासारखा वाचत सुटलो. पण मधेच राजूरला मामाच्या घरचं लग्न निघालं, पुस्तक अर्ध्यावर राहिलं, आणि परत करायची तारीख आली. मी ते तसंच नेऊन दिलं आणि छातीठोकपणे सांगितलं, "आपा, बालाजीला द्या. शेवट तर लईच भारी हाय!" बालाजी माझ्याच बाकावरचा. चार दिवसांनी तो भर दुपारी वाचनालयात आला आणि सगळ्यांसमोर पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाला, "आपा, ह्याला शेवटच न्हाई. शेवटची सोळा पानं फाटलेली हायत!" मशीन थांबली. आपांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "कारे दत्ता, मंग तुला भारी कुठनं वाटला?" खोलीभर हशा. मला वाटलं, आता आपलं नाव कटलं. पण आपा शांतपणे दोरा तोडत म्हणाल्या, "शेवट तुला माहीत हाय ना? बराबर. मंग लिहून आण. बालाजी वाट बघून राह्यला."

मी उरलेलं पुस्तक वाचून काढलं आणि तीन दुपारी बसून वहीची सोळा पानं भरली. आयुष्यात परीक्षेशिवाय लिहिलेलं ते पहिलंच. आपांनी ती पानं मशीनवर शिवून पुस्तकाला जोडली. फाटकी पुस्तकं त्या अशीच शिवायच्या. बालाजीनं वाचून निकाल दिला, "ठीक हाय. पण हा पाणबुड्या समुद्रातनं निघून डायरेक्ट परतूरच्या स्टेशनावर कसा काय उतरला? गाडी कुठं बदलली त्यानं?" काय करणार, मी तोवर दुसरं स्टेशन पाहिलंच नव्हतं. पुढं कधीतरी त्या कादंबरीची पूर्ण प्रत वाचनालयात आली, तरी पोरं 'परतूरवाली'च मागायची आणि आपा खुशाल द्यायच्या. मी त्या दिवसानंतर न वाचलेल्या पुस्तकाबद्दल कधीच बोललो नाही. बारावी झालो, बी.ए. झालो, बी.एड. झालो. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारा मी पहिला. प्रत्येक टप्प्यावर आपांच्या पट्टीवरची चार नावं खिशात होती.

पण एक गोष्ट मी टाळत आलो. बी.ए.च्या पहिल्या वर्षाची सुट्टी लागली तेव्हा आपा म्हणाल्या, "आता तू सांग. माझी यादी कर." मी हसलो. "आपा, मी काय सांगणार तुम्हाला?" मला तो नम्रपणा वाटला होता. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्याही वर्षी तेच. एकदा त्या खरंच चिडल्या. "सारा गाव इथनं घेऊन जातो. मी काय वाचावं हे मला एक माणूस सांगत न्हाई. मी काय कपाट हाय का?" तरीही मी धजावलो नाही. एवढं वाचलेली बाई, तिला मी कुठलं पुस्तक देऊ, आणि नाही आवडलं तर?

यंदा संक्रांतीला भेटलो तेव्हा त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरत होतं. सुईत दोरा भाभी ओवून देत होती. निघताना म्हणाल्या, "ह्या उन्हाळ्यात तरी देशील का? फोनवर नको. कागदावर." मी हो म्हणालो आणि जालन्याला येऊन तीन आठवडे घाबरत काढले. मग ध्यानात आलं, इतक्या वर्षांत आपांचं माप कुणी घेतलंच नव्हतं. मी फोन लावला. "आपा, तुम्हाला भीती कशाची वाटते?" पलीकडं मोठ्यानं हसू. "आत्ता आला लायनीवर!" आणि मग म्हणाल्या, "एका जागी बसून संपून जायची, बाबा. दुसरी कशाची बिलकुल न्हाई."

त्या महिन्यात मी जे काही वाचलं, त्या एका प्रश्नापुढं ठेवून वाचलं, आणि वाचनात इतकी मजा मला कधी आली नव्हती! दोन पुस्तकं आणि पत्र असं पार्सल पोस्टानं धाडलं. ते पोचल्यावर आपा अकराच दिवस होत्या. भाभी सांगते, पत्र त्यांनी दोनदा वाचून घेतलं. शेजारणीला बोलावून ऐकवलं. "बघ, माझी यादी आली." त्याच दुपारपासून पहिलं पुस्तक सुरू झालं, भाभी वाचायची आणि त्या ऐकायच्या, आणि ते संपलंसुद्धा... यंदा पोरांच्या याद्या मी करणार आहे, दर रविवारी गावी जाऊन. तुम्हा वाचकांना मात्र माझ्याकडं एकच यादी आहे द्यायला. पत्राची प्रत मी ठेवली होती.

"आदरणीय आपांना दत्ताचा सलाम.

यादीला उशीर झाला, माफ करा. सोबतचं पातळ पुस्तक आधी घ्या. पन्नाशी उलटलेली एक बाई घरात कुणाला न सांगता एसटीत बसते आणि मिळेल त्या गाडीनं पार समुद्रापर्यंत जाते. बेचाळिसाव्या पानावर ती चुकीच्या गाडीत चढते आणि उतरतच नाही. म्हणते, बघू कुठं नेते. तिथं मी ऑफ तासाला एवढ्यानं हसलो की शिपाई बघायला आला.

जाड पुस्तक मुंग्यांवर आहे. तीनशे पानं, नुसत्या मुंग्या! तुम्ही म्हणाल, त्या मी साखरेच्या डब्यात रोज बघते. पण साठ पानं तरी वाचा आणि मग मला शिव्या द्या.

तिसरी कादंबरी आहे. जत्रेजत्रेत तंबूतला सिनेमा दाखवत फिरणाऱ्या तीन बहिणींची. ती पाठवली नाही, कारण माझीच अर्धी झालीय. धाकटी बहीण तंबू सोडून निघालीय, पुढं काय होतं ते बघायची घाई झालीय, तरी पुस्तक मिटून ठेवलंय. पेपर संपले की घेऊन येतो. तुम्ही मशीनवर बसा, मी मोठ्यानं वाचतो. एकशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर आहे. तुम्ही सोबत असल्याशिवाय पुढं जात नाही.

तुमचा,
दत्ता"