चारमिनारला पायऱ्या आहेत

तुमच्या मोबाईलवरही तो फोटो आला होता ना? अरुंद दगडी जिन्यात भिंतीला टेकून एक पोरगी खदखदून हसते आहे, आणि खाली कोणीतरी लिहिलंय, 'बाप मेला, पोरगी चारमिनारवर.' पाहिलात, 'काय जमाना आला' म्हणालात, आणि पुढे ढकललात. पोंभुर्ण्यापासून अहेरीपर्यंत हेच झालं. आता त्या पोरीबद्दल ऐका आणि मग बोला.

तिचं नाव दिव्यानी. आमच्याच गावची, वामनराव आणि गुणाबाईची थोरली. नर्सिंग केलं आणि कोचीच्या एका दवाखान्यात लागली. आमच्या गावातून विमानात बसलेली पहिली बाई. याचा तोरा तिच्यापेक्षा मलाच जास्त होता.

वामनराव धान निघाला की दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जायचे. परत आले की पोरं गोळा करायची आणि चारमिनारच्या गोष्टी सांगायच्या. "वर चढाले पायऱ्याच नाई गा. वरून दोर सोडते. कमरेले बांधाचा, अन् चार पहेलवान वरतं ओढते." गावातल्या दोन पिढ्या या दोरावर वाढल्या. मिरचीच्या वावरापलीकडे हा माणूस कधी गेलाच नव्हता, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

या उन्हाळ्यात धाकट्या भावानं, आदेशनं, तिला फोन केला. "बाबाची तब्येत जास्त हाय. ये." जास्त म्हणजे किती, हे आपल्याकडे कोणी विचारत नाही. मिळालं ते विमान तिनं धरलं. कोचीहून हैदराबाद, तिथं दुपारपर्यंत बसायचं, मग दुसरं विमान नागपूरचं.

हैदराबादला उतरल्याबरोबर तिनं घरी फोन लावला. वामनराव पहाटेच गेले होते. अंगणात माणसं जमली होती. आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. वाटेवरच्या माणसाला मरण सांगत नाहीत. तो गावच्या शिवेवर आला की मग सांगतात. वामनरावांचे चुलतभाऊ लटारूभाऊ आदेशच्या शेजारीच बसले होते. ते हळूच म्हणाले, "आराम हाय म्हणून सांग."

"बाबाले आता आराम हाय," आदेश म्हणाला.

"खरंच? दे न त्याईले फोन."

"झोपून हायत. उठवू नको."

आराम पडला म्हणजे माणूस दुखण्यातून उठला, एवढंच आपल्या बोलीत कळतं. दिव्यानीलाही तेच कळलं. कालपासून तिच्या पोटात अन्न नव्हतं. तिनं चहा घेतला, वर दोन बिस्किटं खाल्ली. दुपारपर्यंत खुर्चीवर बसून करायचं काय? बाहेर शहरात जाणारी बस उभी होती. तिनं ठरवलं, बाबांचा दोर पाहून यायचा.

नर्स झालेली पोरगी. दोराची गोष्ट खरी नाही, हे अर्धं तिलाही कळत होतंच. तरी चारमिनारच्या दारावरच्या माणसाला तिनं विचारलंच, "भैया, रस्सी किधर है?"

"कायकी रस्सी? सीढ़ियाँ हैं. जाओ ऊपर."

त्या गोल गोल जिन्यात अर्ध्या वाटेवर तिला हसू फुटलं. मागची माणसं खोळंबली तरी आवरेना. बाबा उठले की आदेश त्यांना दाखवेल म्हणून तिनं स्वतःचा फोटो काढला, स्टेटसला ठेवला आणि खाली लिहिलं, 'बाबा, चोरी पकडली! इथी तं पायऱ्या हायत.'

इकडे अंगणात ठरलं होतं की पोरगी येईपर्यंत मयत उचलायची नाही, थांबायचं, अंधार झाला तर नदीवर बत्त्या लावायच्या. तेवढ्यात कोणीतरी तो फोटो लटारूभाऊंपुढे धरला.

"मेल्या बापाले चोर म्हणते? अन् दात काढून? थांबाचं कोणासाठी आता? उचला."

आदेश सांगत होता, "बडेबाबा, तिले माहीत नाई. आपणच तं सांगतलं नाई." पण माणसं उठली होती, कोणी ऐकलं नाही.

दिवेलागणीला दिव्यानी शिवेवर उतरली. रीतीप्रमाणे बाया सामोऱ्या गेल्या होत्या. गाडीतून उतरता उतरता तिनं विचारलं, "उठले का बाबा?" मग बायांनी गळा काढला. नदीवर तिच्यासाठी फक्त निखारे उरले होते.

मी तेव्हा अहेरीला मोर्च्यात होते. फोटो मला तिथंच आला. गावात परतल्यावर आधी लटारूभाऊंना गाठलं. "खोटं बोलायला तुम्हीच लावलं, अन् ते खोटं तिनं खरं मानलं तर बत्त्या कुठी गेल्या तुमच्या?" मी असं बरंच बोलले, चौकात बोलले. ते एवढंच म्हणाले, "रीत होते न, बाई." मग मान खाली घालून गेले. मला वाटलं, जिंकले.

मग दिव्यानीकडे गेले. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी वकिलासारखी सुरू झाले. खुर्चीवर बसून राहिली असतीस तरी विमान लवकर उडालं नसतं, तू एक क्षण उशीर केला नाहीस.

"ताई, विमानाचं नाई सांगून राह्यली मी," ती म्हणाली. "त्या दिवशी मले चहा लय गोड लागला. बाबा अंगणात पडून होते अन् मी हसून राह्यली होती. त्याचं काय?"

मी मोर्च्यात कलेक्टरला गप्प केलं आहे. इथं मी फक्त पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

गुणाबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "काय लिवलं होतं वं तू त्या फोटोवर? मले कोणी सांगतच नाई."

मीच सांगितलं.

"पायऱ्या हायत?" गुणाबाई वळल्या. "खरंच हायत? मले तं जल्मभर दोरच सांगतला त्या मानसानं!" आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता पदर तोंडात गेला, खांदे हलायला लागले. दिव्यानी उठून आईजवळ गेली, पण हसली नाही. ती अजून हसलेली नाही.

फोटो तिनं त्याच दिवशी काढून टाकला. पण तो तिच्याकडे परत येतो. वरोऱ्याच्या मामीनं पाठवला, कोचीच्या दवाखान्यातल्या एका पोरीनं पाठवला. त्यामुळे तिकडे कामावर जायची तिची हिंमत होत नाही. रजा संपत आली आहे.

म्हणून सांगते. तो फोटो तुमच्याकडे असेल तर आत्ता उघडा. ज्यांना पाठवला असेल त्यांनाही फोन करा. आणि पुसून टाका.